‘एकच जागा बघून कंटाळा आला’: रहस्यपटाबद्दलचा हा अभिप्राय कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांनी चार मित्र जमवून, पदरचे पैसे घालून ९४ मिनिटांचा रहस्यपट केलाय. पुराची रात्र, कोकणातलं जुनं दुमजली घर, तळमजल्यात पाणी शिरलेलं, वरच्या मजल्यावर अडकलेली तीन माणसं, आणि त्यांतला एक जण आपण कोण आहोत याबद्दल खोटं बोलतोय. सगळा चित्रपट त्या एका मजल्यावर घडतो. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा जोड, ३१ जणांना दाखवला. ११ जणांना तो संथ वाटला, ७ जणांना शेवट आधीच कळला, ५ जणांनी ‘एकच जागा बघून कंटाळा आला’ असं लिहिलं, आणि उरलेल्या ८ जणांना आवडला. आता पैसे घालणारा भागीदार म्हणतोय की वीस मिनिटं कापा आणि घराबाहेरची दोन दृश्यं नव्याने शूट करा. तर कोणाचं ऐकायचं?

मी गेली २२ वर्षं संकलक म्हणून काम करतेय. त्यांत चार चित्रपट असे होते की जवळपास सगळी गोष्ट एका घरात किंवा एका ऑफिसात घडते. त्या प्रत्येकाच्या ट्रायल शोला मी मागच्या रांगेत वही घेऊन बसलेय आणि दर वेळी असाच अभिप्रायांचा ढीग समोर आलाय. माझ्या मते ३१ च्या ३१ जण खरं बोलतायत. फक्त प्रत्येकाच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत: त्याला काय वाटलं, आणि तसं का वाटलं असावं याचा त्याने घरी जाता जाता लावलेला अंदाज. पहिल्या गोष्टीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. दुसरीवर सहसा ठेवत नाही. ‘संथ’, ‘लांबलंय’, ‘एकच जागा’ हे हाताशी असलेले शब्द आहेत. आपण कथेतून निसटलो हे प्रेक्षकाला पक्कं कळतं, पण कशामुळे निसटलो ते सांगायला तो त्यांतलाच जवळचा शब्द उचलतो. तुम्हाला काम करायचंय ते तो निसटला ती नेमकी जागा शोधण्याचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. मी तुमचा चित्रपट बघितलेला नाही. तो कुठे दाखवलात हेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने खूप फरक पडतो. एखाद्या हॉलमध्ये, डोक्यावर पंखे फिरत असताना, प्रोजेक्टरला जोडलेल्या दोन स्पीकरवर दाखवला असेल तर पावसाच्या आवाजात निम्मे संवाद बुडाले असणार. नीट ऐकू न आलेला माणूस ‘ऐकू आलं नाही’ असं क्वचितच लिहितो. तो ‘संथ’ लिहितो, कारण त्याच्यापुरतं काही घडलेलंच नसतं. ३१ जणांत कलाकारांचे मित्र आणि घरची माणसं किती होती? लिंक पाठवून मोबाइलवर किती जणांनी बघितला? मध्ये दोनदा थांबवून ज्याने चहा घेतला त्याचं मत मी वेगळं ठेवते. फेकून देत नाही, कारण उद्या बरेच लोक असेच बघणार आहेत, पण हॉलमधल्या मतांत ते मिसळत नाही. तुमचे ११, ७ आणि ५ हे आकडे आधी असे सुटे करा. कदाचित ११ चे सहाच राहतील.

आता ‘संथ’कडे येते, कारण सगळ्यात जास्त मतं तिथे आहेत आणि भागीदाराची कात्रीही तिथेच आलीय.

काही वर्षांपूर्वी मी एक थरारपट कापत होते. उपनगरातला टू बीएचके फ्लॅट, नवरा परगावी, बाई एकटी, आणि घरात आणखी कोणीतरी आहे असा तिला संशय. डबिंग स्टुडिओत २२ जणांना दाखवला. त्यांतल्या १४ जणांनी लिहिलं की मध्यंतरानंतर संथ होतो. दिग्दर्शक त्याच रात्री उत्तरार्धातली आठ मिनिटं कापायला बसणार होता. माझ्या वहीत मात्र वेगळंच होतं. शो चालू असताना मी पडदा बघत नाही, डोकी बघते. कोण खुर्चीत सरकलं, खोकले कधी सुरू झाले, मोबाइलचा उजेड कोणाच्या चेहऱ्यावर पडला, पाण्याची बाटली कधी उघडली, हे सगळं मिनिटासकट लिहून ठेवते. वहीप्रमाणे चुळबुळ सुरू झाली होती ३८ व्या मिनिटाला, मध्यंतराच्या बरीच आधी. आणि ३८ व्या मिनिटाला तर सगळ्यात ताणलेला प्रसंग होता. बाई स्वयंपाकघरात शिरते, पॅसेजमध्ये पावलं वाजतात, आणि ती ड्राय बाल्कनीत सटकून दार लावून घेते.

दुसऱ्या दिवशी त्या १४ पैकी सहा जणांना फोन करून एकच विचारलं, ती लपली कुठे? चौघांना धड सांगता आलं नाही. एकीला वाटलं बाथरूममध्ये. एक जण म्हणाला शेजारच्या फ्लॅटमध्ये, आणि मग शेजारी का दिसत नाहीत हेच त्याला पुढे खटकत राहिलं. गोष्ट अशी होती की स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी आहे हे तोवर चित्रपटात कुठेच दिसलेलं नव्हतं. युनिटने त्या फ्लॅटमध्ये १९ दिवस काढले होते, मी तो फ्लॅट महिनाभर रोज मॉनिटरवर बघत होते, त्यामुळे आमच्यातल्या कोणाच्याच हे लक्षात आलं नाही. प्रेक्षकाला मात्र एक नवंच दार उघडताना दिसलं, आणि घाबरायचं सोडून हे दार आलं कुठून याचा तो विचार करत बसला. तेवढ्यात तो भीतीतून बाहेर पडला. पुन्हा आत यायला त्याला फार वेळ लागला, आणि त्या सगळ्या वेळाला त्याने ‘उत्तरार्ध संथ’ असं नाव दिलं.

रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं चित्रण, पुन्हा काढल्या. पहिल्या दिवशीचा एक शॉट सापडला. बाई कपडे वाळत घालून आत येते, ड्राय बाल्कनीचं दार ढकलते, ते पूर्ण लागत नाही, मग ती पायाने लोटते. चार सेकंद. तो शॉट सातव्या मिनिटाला लावला आणि बाकी कशालाही हात लावला नाही. पुढच्या शोला नवे २० जण बोलावले. ‘संथ’ असं तिघांनीच लिहिलं. चित्रपट आधीपेक्षा चार सेकंद लांब होता.

तेव्हापासून एका जागेत घडणाऱ्या चित्रपटाच्या शोला मी कोरे कागद आणि पेन्सिली घेऊन जाते. शो संपला की मत विचारायच्या आधी प्रत्येकाला सांगते, त्या घराचा नकाशा काढा. चित्रकला नकोय, चौकोन काढून ‘बेडरूम’, ‘मोरी’, ‘जिना’ एवढं लिहिलं तरी पुरे. ज्यांचे नकाशे बरोबर येतात त्यांचे अभिप्राय आणि ज्यांचे चुकतात त्यांचे अभिप्राय शेजारी शेजारी ठेवून बघा, तुम्हालाच दिसेल. तुमच्या घरात तर हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या कोकणी घरात माडी, पडवी, माजघर, माळा असतो, आणि शहरातल्या प्रेक्षकाला माडीवरून माळ्यावर कसं जातात हे माहीत नसतं. हिचकॉकच्या १९५४ च्या ‘रिअर विंडो’ची सुरुवात आठवा. एक अक्षर बोललं जाण्याआधी कॅमेरा समोरच्या चौकातून, खिडक्याखिडक्यांवरून फिरून येतो. पुढे पावणेदोन तास नायकाला आणि आपल्याला त्याच एका खोलीतून बाहेर बघायचंय, म्हणून कुठली खिडकी कुठे आहे हे आधीच डोक्यात बसवून टाकलंय. तुमच्या पहिल्या दहा मिनिटांत कंदील घेऊन घरभर फिरणारं एखादं पात्र आहे का? असेल तर तो शॉट कापू नका, कोणी कितीही रेंगाळलेला म्हणालं तरी.

‘संथ’चं दुसरं कारण खरोखर कापायला लावणारं असतं, तेही सांगते. माणसं हालचाल करतायत, बोलतायत, भांडतायत, पण प्रेक्षकाला नवीन काहीच कळत नाहीये, असे पट्टे निघतात. त्यासाठी मी एक तक्ता करते. दर दोन मिनिटांमागे एक ओळ. त्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला नवीन काय कळलं आणि त्यामुळे आता तो कशाची वाट बघतोय, एवढंच लिहायचं. सलग चार ओळी कोऱ्या राहिल्या तर त्या आठ मिनिटांतली निदान पाच जायला हवीत. संवादप्रधान चित्रपटांत हे पट्टे बहुधा दोन पात्रं एकमेकांना आपला भूतकाळ सांगतात तिथे सापडतात. लेखकाला ते प्रसंग सगळ्यात प्रिय असतात. मला त्यांचं मन मोडावं लागतं आणि ते मला आवडत नाही, पण तक्ता समोर ठेवला की वाद कमी होतो.

आता ते पाच जण. त्यांना एका जागेचा कंटाळा आला, असं ते म्हणतात. मराठी माणसाने तर पिढ्यान्पिढ्या एका दिवाणखान्यात तीन अंकी नाटकं बघितली आहेत आणि तिथे कोणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. पडद्यावरही हे नवीन नाही. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ १९६९ चा. राजेश खन्ना आणि नंदा, बहुतेक गोष्ट एका रात्रीत एका घरात, गुजराती रंगभूमीवरून आलेली, आणि गाणं एकही नाही. त्यासाठी चोप्रांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं. १९९९ च्या ‘कौन’मध्ये पावसाळी रात्र, एक घर आणि तीन माणसं, तिथेही गाणं नाही. आपल्याकडे हे चालत नाही असं भागीदार म्हणत असेल तर त्याला हे दोन चित्रपट दाखवा.

तरी त्या पाच जणांना काहीतरी जाणवलंय, ते सोडून देऊ नका. जागा तीच राहिली हे खटकत नाही. जागा ‘तशीच’ राहिली की खटकतं. सिडनी लुमेटच्या १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये काही मिनिटं सोडली तर सगळा चित्रपट ज्युरीच्या एका खोलीत आहे. बासू चटर्जींनी १९८६ मध्ये त्यावरूनच ‘एक रुका हुआ फैसला’ केला. लुमेटने नंतर लिहून ठेवलंय की पहिला एकतृतीयांश भाग त्याने डोळ्यांच्या पातळीच्या वरून घेतला, मधला डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून, आणि जसजसं पुढे जावं तसतशा जास्त फोकल लेंग्थच्या लेन्स वापरत गेला. त्यामुळे भिंती जवळ येत गेल्या आणि शेवटी शेवटी छतही दिसायला लागलं. त्यात उकाडा, मग पाऊस, मग पंखा सुरू होणं. खोली एकच, पण विसाव्या मिनिटाची आणि ऐंशीव्या मिनिटाची खोली वेगळी वाटते. लेन्स आता तुमच्या हातात नाहीत, शूटिंग होऊन गेलंय. पण कुठले शॉट आधी वापरायचे आणि कुठले राखून ठेवायचे हे अजून हातात आहे. नवे लोक एक चूक हमखास करतात. सगळ्यात घट्ट क्लोजअप पहिल्या वीस मिनिटांतच खर्च करून टाकतात, आणि मग खरा प्रसंग येतो तेव्हा आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. तुमच्या खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे पडदाभर किती वेळा दिसतात ते मोजा. ६० व्या मिनिटाच्या आत तीनदापेक्षा जास्त दिसत असतील तर त्यांच्या जागी वाईड, म्हणजे लांबून घेतलेला शॉट, घेऊन बघा. शॉट असतील, नक्की असतील.

आणि तुमच्याकडे तर बदलणारी जागा आयती आहे. पाणी. तुम्ही जिना लिहिलाय, म्हणजे पायऱ्या आहेत. किती पायऱ्या बुडाल्या हेच तुमचं घड्याळ. हिचकॉकच्या १९४८ च्या ‘रोप’मध्ये सगळं एका फ्लॅटमध्ये, जवळजवळ ८० मिनिटांच्या सलग वेळात घडतं. तिथे मागच्या मोठ्या खिडकीतलं आकाश हळूहळू मावळत रात्र होते. कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पण वेळ चाललाय हे आपल्याला जाणवत राहतं. तुमचा जिना किती वेळा दिसतो? तुम्ही लिहिलंय की पाण्याचा उल्लेख ‘संवादांतून वारंवार’ येतो. मला तिथेच शंका येते. “पाणी वाढतंय” हे वाक्य तीन वेळा ऐकण्यापेक्षा मघाशी कोरडी असलेली पाचवी पायरी आता दिसत नाही, हे एकदा बघितलेलं पुरतं. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं. ती रात्र माडीवर काढलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना हा कट जरूर दाखवा. पाणी घरात चढताना भांडी कशी एकमेकांवर आपटतात, लाकडी दार फुगल्यावर कसं बसतं, हे ते सांगतील, आणि त्यांनी दाखवलेली चूक दुरुस्त करण्यासारखी असेल.

तुम्ही ओझरतं आणखी एक लिहिलंय, की चौघा जणांनी विचारलं, ‘हे लोक कौलं काढून छपरावर का जात नाहीत?’ तुम्ही ते किरकोळ म्हणून सोडून दिलंय. मी असते तर हाच अभिप्राय सगळ्यात वर ठेवला असता. अडकलेल्या माणसाची गोष्ट बघताना प्रेक्षक मनातल्या मनात सुटकेचे सगळे मार्ग तपासून बघतो. एकही मार्ग उघडा राहिला की त्याला भीती वाटायची थांबते आणि पात्रांचा राग यायला लागतो. ‘ट्रॅप्ड’ २०१७ मध्ये आला. विक्रमादित्य मोटवानेंचा, राजकुमार राव मुंबईतल्या एका रिकाम्या टॉवरच्या फ्लॅटमध्ये कोंडला जातो. किल्ली दाराला बाहेरून राहते, फोनची बॅटरी संपते, वीज नाही, पाणी नाही. ‘मग त्याने ओरडावं’, ‘मग काहीतरी खाली टाकावं’ असं आपल्या मनात येतं, आणि तो ते करून बघतो, जमत नाही. प्रेक्षकाने काढलेला प्रत्येक मार्ग चित्रपट आधी उघडून दाखवतो आणि मग बंद करतो.

हे काम किती थोडक्यात होऊ शकतं ते बघायचं असेल तर तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ काढून वाचा. ते रहस्यनाटक नाही, पण कोंडणं कसं लिहावं याचा माझ्यासाठी तो धडा आहे. अगदी सुरुवातीला सामंत त्या हॉलच्या दाराच्या कडीबद्दल सांगतो, की ती नीट ओढली नाही तर दार बाहेरून लागतं आणि माणूस आत अडकतो. नायिका बेणारेबाईंचं बोट त्या कडीत सापडतं. गप्पांच्या ओघात हे होऊन जातं, आपण विसरूनही जातो. पुढे बाई निघून जायला दाराशी धावतात तेव्हा ते उघडत नाही, आणि कोणाच्याही मनात ‘असं कसं?’ येत नाही. तुम्हाला छपरासाठी असंच काहीतरी हवंय. पहिल्या पंधरा मिनिटांत कोणी कौलं सरकवून बघतं आणि वीज अगदी जवळ कडाडते, किंवा वासा कुजलाय हे हाताला लागतं. शूट केलेलं नसेल तर एवढं एकच नवीन शूट करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि भागीदाराच्या दोन बाहेरच्या दृश्यांपेक्षा खूप स्वस्त.

‘शेवट आधीच कळला’ म्हणणाऱ्या सात जणांबद्दल मी कमी काळजी करेन, पण एक प्रश्न विचारून. केव्हा कळला? आणि कळल्यावर काय झालं? तीन माणसांच्या गोष्टीत खोटं बोलणारा कोण हे तिघांतलं एक नाव आहे. कोणीही न विचार करता बोट ठेवलं तरी दर तिघांत एकाचं बरोबर येणार. ३१ मध्ये सात जणांनाच कळला, हे तर तुमच्या बाजूचं आहे. मला त्या सातांतला असा माणूस शोधायचाय ज्याने ओळखलं आणि मग मागे टेकून बसला. ज्याने ओळखलं आणि तरी पुढे सरकून बसला, त्याची काळजी नाही. ‘रोप’मध्ये खून कोणी केला, प्रेत कुठे आहे, सगळं आपल्याला पहिल्याच प्रसंगात दिसतं. प्रेत पेटीत आहे आणि त्याच पेटीवर जेवण मांडून पार्टी चाललीय. पुढे एक शॉट आहे. पाहुणे फ्रेमच्या बाहेर बोलतायत, आणि कॅमेरा नुसता त्या पेटीकडे बघतोय. घरकाम करणारी बाई एकेक भांडं उचलून आत नेते, परत येते, मेणबत्त्या नेते, टेबलक्लॉथ नेते, मग पेटीत ठेवायला पुस्तकं घेऊन येते. एकही कट नाही. संवाद कशाबद्दल चाललेत तिकडे आपलं लक्षही नसतं. रहस्य असं काहीच उरलेलं नाही, तरी श्वास अडकतो. तुमच्या चित्रपटात खोटं बोलणारा कोण हे ७० व्या मिनिटाला निम्म्या लोकांना कळलं तरी चालेल, जर त्यानंतरचा प्रश्न ‘बाकीच्या दोघांना कळेपर्यंत पाणी कुठवर येईल?’ असा असेल.

एवढं सगळं चित्राबद्दल झालं. आवाजाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण एका जागेतल्या थरारपटाचं बाहेरचं जग बहुतेक आवाजातच असतं आणि रफ कटमध्ये नेमका तोच अर्धवट असतो. मघाशी सांगितलेल्या फ्लॅटच्या चित्रपटात आम्ही जुन्या लिफ्टचा आवाज वापरला होता. जाळीचं दार सरकतं, खट्ट बसतं, मोटर गुरगुरते. पहिल्या अर्ध्या तासात ती लिफ्ट चार वेळा ऐकू येते आणि दर वेळी खालच्या मजल्यावर थांबते. पाचव्यांदा ती थांबत नाही, वर येत राहते. पडद्यावर बाई फक्त ओट्याशी उभी आहे, पाठमोरी. त्या शॉटला पहिल्यांदा मी टेम्प म्युझिक, म्हणजे तात्पुरतं संगीत, लावलं होतं आणि कोणी हललं नाही. संगीत काढलं, पहिल्या चारही वेळा लिफ्टचा आवाज थोडा वाढवला, आणि पाचव्या वेळी तिची पाठ तीन सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम, जास्त धरून ठेवली. पुढच्या शोला त्या जागी माझ्या वहीत ‘सगळे गप्प’ एवढंच लिहिलंय. तुमच्या रफ कटला अजून पुराचा नीट आवाज नसेल, नुसता नेटवरून घेतलेला पाऊस सलग वाजत असेल, तर ११ जणांचा ‘संथ’ त्या सलग पावसाचाही असू शकतो. एकसारखा आवाज पंधरा मिनिटांनी कानाला ऐकूच येईनासा होतो. पाऊस मध्ये थांबवा. कौलांवरून गळणारं पाणी, खाली तरंगणारा पिंप भिंतीला आपटतोय, लांबून कोणाची तरी हाक, आणि मग ती हाक बंद. शांतता आली की प्रेक्षक आपोआप कान टवकारतो.

आता भागीदार. त्याचे पैसे अडकलेत आणि तो घाबरलाय, हे समजून घ्या. बाहेरच्या दोन दृश्यांना मात्र मी ठाम विरोध करेन. एकदा का तुम्ही प्रेक्षकाला कोरड्या रस्त्यावर नेलंत की त्याच्या मनाला सुट्टी मिळते, आणि परत माडीवर आणल्यावर कोंडलेपण पुन्हा शून्यापासून उभं करावं लागतं. भूतकाळ दाखवणारं दृश्य गरजेचं असतंच अशा गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. पण ते दृश्य ‘कंटाळा येतोय म्हणून’ घालायचं असेल तर कंटाळा तिथून हलून दुसरीकडे जाईल एवढंच. वीस मिनिटांचा आकडा त्याने कुठून आणला हेही विचारा. बहुधा ९४ मधून वजा करायला एखादा गोल आकडा मनात आलाय. वर सांगितलेला तक्ता भरा आणि जितक्या ओळी कोऱ्या निघतील तितकं कापा. माझ्या अनुभवात अशा कटमधून सहा ते नऊ मिनिटं जातात. मध्यंतर ठेवणार असाल तर त्यानंतरची दोन मिनिटं बोलण्यात घालवू नका. लोक वडे संपवत आत येतात, त्यांना आधी पायरी दाखवा.

पुढच्या शोला त्याच ३१ जणांना बोलावू नका. पहिल्यांदा बघणारा माणूस एकदाच मिळतो, त्यामुळे तीस जणांना एकदम खर्च करण्यापेक्षा बारा-पंधरांचे दोन शो करा, मध्ये आठवडा ठेवून. निम्मे तरी असे असू देत ज्यांना तुमच्यापैकी कोणी ओळखत नाही. कोणाच्या तरी आई-वडिलांच्या वयाचे चार जण नक्की बोलवा. तरुण मुलं शेवट ओळखायच्या मागे असतात, मोठी माणसं पात्रांची काळजी करतात, आणि तुम्हाला दोन्ही ऐकायचंय. ‘आवडला का?’ विचारू नका, त्याला ‘हो, छान आहे’ एवढंच उत्तर येतं. आधी नकाशा काढून घ्या. मग विचारा की कुठे भीती वाटली, कुठे पात्रांचा राग आला, आणि कुठल्या क्षणी किती वाजले ते बघावंसं वाटलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. लोक त्याचं उत्तर प्रामाणिकपणे देतात कारण त्यात तुमच्यावर टीका केल्यासारखं वाटत नाही.

त्या शोला भागीदारालाही बोलवा, मागच्या रांगेत बसवा आणि वही त्याच्या हातात द्या. कोण कधी सरकलं हे त्यालाच लिहू दे. पण त्याआधी, म्हणजे शक्य असेल तर आज रात्रीच, रशेस उघडा आणि जिन्याचे जेवढे शॉट असतील तेवढे एका बाजूला काढा. कॅमेरा सुरू करून कोणी फोकस बघत होतं, तेवढ्यात पायरीवर पाणी हलताना दिसतंय, असेसुद्धा. ते पाण्याच्या उंचीप्रमाणे ओळीने लावा, खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत. किती मिळाले ते इथेच लिहा, मग कुठे लावायचे ते बघू.